कलम १२४

परवा रूममेटने विचारलं, "या वीकेंडला काय प्लॅन?" मी म्हटलं, "युक्रेनची राज्यघटना वाचतोय." प्रॉडक्शनमध्ये बग सोडणाऱ्याकडे आमचा मॅनेजर ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं आणि एकटाच सिंहगडावर निघून गेला. पिठलं-भाकरीचे फोटो तेवढे मला पाठवले.

पण मंडळी, गोष्टच तशी आहे. एका देशाने २००० साली एका करारावर सही केली की, आम्ही युद्धगुन्ह्यांच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सामील होऊ. प्रत्यक्ष सामील झाला तो १ जानेवारी २०२५ ला. आमच्याकडे साइन-ऑफ आणि गो-लाइव्ह यात तीन महिने गेले तरी क्लायंट फोन करकरून जीव घेतो. इथे पंचवीस वर्षं गेली!

त्यात आणखी गंमत म्हणजे, ज्या कलमाने या देशाला बरीच वर्षं दाराबाहेर उभं केलं त्याचा नंबर १२४. आणि शेवटी आत शिरताना ज्या कलमाचा आडोसा घेतला त्याचाही नंबर १२४. पहिलं युक्रेनच्या राज्यघटनेतलं, दुसरं न्यायालयाच्या करारातलं. निव्वळ योगायोग. (आपल्याला १२४ म्हटलं की लोकमान्य आणि राजद्रोहाचं १२४-अ आठवतं. त्याचा इथे काही संबंध नाही, पण नंबरच असा आहे बुवा की जिथे जाईल तिथे वाद.)

मला या सगळ्यात रस का, तर आमच्या प्रोजेक्टवर एक टेस्टर आहे, खारकीवचा. नाव देत नाही. फेब्रुवारी २०२२ पर्यंत तो माझ्यासाठी 'रोज माझे बग उघडे पाडणारा माणूस' एवढाच होता. २४ फेब्रुवारीच्या सकाळी तो कॉलवर आला नाही. चार दिवसांनी एका ओळीचा मेसेज आला, "मेट्रो स्टेशनमध्ये आहोत, सगळे ठीक." त्याच आठवड्यात खारकीव हे नाव आपल्याकडच्या घराघरांत पोचलं, कारण तिथे मेडिकलला गेलेली आपली मुलं अडकली होती. पुढे तो आईला घेऊन ल्वीवला गेला. धाकटा भाऊ सैन्यात गेला. तो परत टेस्टिंग करायला लागला आणि परत माझे बग सापडायला लागले. मग हळूहळू आमच्या गप्पा बगांच्या पलीकडे गेल्या.

आधी हे कोर्ट कुठलं ते सांगतो, कारण हेगमध्ये कोर्टांची गर्दी आहे. कुलभूषण जाधव यांचं प्रकरण चाललं ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे देश विरुद्ध देश असा खटला असतो. मी बोलतोय ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. इथे आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस उभा असतो, मग तो शिपाई असो की राष्ट्राध्यक्ष. चार प्रकारचे गुन्हे: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. न्यायाधीश अठरा. फाशी नाही, जास्तीत जास्त जन्मठेप. स्वतःचं पोलीस खातं नाही, त्यामुळे आरोपीला पकडून आणायचं काम सदस्य देशांचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे, देशातलं कोर्ट स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल तर हेगने हात लावायचा नाही. देशाची इच्छा नसेल किंवा कुवत नसेल तरच हेग. आमच्या भाषेत सांगायचं तर फेलओव्हर. प्रायमरी सर्व्हर चालू आहे तोवर सेकंडरी गप्प बसतो. हा नियम लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं याच्यावरच अडणार आहे.

*

आता थोडं मागे जाऊ. खारकीवपासूनच सुरुवात करू, कारण युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांच्या इतिहासात या शहराचं नाव न्यूरेंबर्गच्या आधी येतं.

ऑगस्ट १९४३ मध्ये सोव्हिएत फौजांनी खारकीव जर्मनांच्या तावडीतून सोडवलं. त्याच वर्षी डिसेंबरात, १५ ते १८ तारखेला, तिथे चार जणांवर जाहीर खटला चालला. तीन जर्मन आणि त्यांच्यासाठी काम करणारा एक स्थानिक ड्रायव्हर. तो जी गाडी चालवायचा त्या गाडीत माणसं कोंडून इंजिनाच्या धुराने मारली जायची. जर्मन गुन्हेगारांवर जाहीरपणे चाललेला हा पहिलाच खटला. १९ डिसेंबरला चौघांनाही भर चौकात, हजारो लोकांसमोर फाशी दिलं गेलं.

गुन्हे खरे होते, पुरावे होते. शहराबाहेरच्या द्रोबित्स्की यारच्या घळीत हजारो ज्यूंना मारून टाकलं होतं. (खटल्यात मात्र 'ज्यू' हा शब्द टाळून 'शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक' असा उल्लेख झाला. तोही एक धडाच.) तर या खटल्याला नुसतं नाटक म्हणून झटकून टाकता येत नाही.

पण याच खारकीवमध्ये साडेतीन वर्षं आधी, १९४० च्या वसंतात, आणखी एक गोष्ट घडली होती. स्तारोबिल्स्कच्या छावणीतले सुमारे ३,८०० पोलिश युद्धकैदी, बहुतेक सगळे लष्करी अधिकारी, सोव्हिएत गुप्त पोलिसांनी इथे आणले, आपल्याच इमारतीत गोळ्या घातल्या आणि शहराच्या कडेला प्यातिखात्कीच्या जंगलात पुरून टाकले. एकूण सुमारे २२,००० माणसं मारली गेली त्या कातिन हत्याकांडाचाच हा एक भाग.

म्हणजे बघा. शहर तेच. युद्धकैद्यांना आणि निरपराध लोकांना मारणं हा गुन्हा आहे, असं तिथे न्यायालयाने जगाला ओरडून सांगितलं. आणि सांगणाऱ्या सरकारने त्याच शहरात हजारो युद्धकैदी पुरलेले होते. त्या कबरींबद्दल १९४३ मध्ये कोण विचारणार? विचारलं असतं तर विचारणारा सायंकाळी घरी पोचला नसता.

पुढे न्यूरेंबर्गला तर यावर कळस झाला. नोव्हेंबर १९४५ मध्ये खटला सुरू झाला तेव्हा सोव्हिएत बाजूने कातिनच्या ११,००० पोलिश अधिकाऱ्यांच्या हत्येचा आरोप जर्मनांवरच ठेवला! सोव्हिएत मुख्य अभियोक्ता होते रोमान रुदेन्को, मूळचे युक्रेनचेच. पुरावा टिकला नाही. पण म्हणून खरा गुन्हेगार शोधला गेला का? छे. १९४६ च्या निकालपत्रात कातिनचा उल्लेखच नाही. आरोप गुपचूप गाळला, विषय संपला. सोव्हिएत सरकारने स्वतःची जबाबदारी मान्य केली ती थेट एप्रिल १९९० मध्ये.

मी न्यूरेंबर्गला नावं ठेवत नाहीये. ते नसतं तर आज बोलायला भाषाच नसती. आणि ती भाषासुद्धा निम्मी युक्रेनमधून गेलेली आहे. माझा मित्र आता राहतो त्या ल्वीवच्या विद्यापीठात (तेव्हा ते शहर कधी ऑस्ट्रियाकडे, कधी पोलंडकडे) दोन ज्यू विद्यार्थी थोड्या वर्षांच्या अंतराने कायदा शिकले. हर्श लाउटरपाख्ट आणि राफाएल लेमकिन. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' ही कल्पना न्यूरेंबर्गच्या कायद्यात आणण्यात पहिल्याचा मोठा वाटा, आणि 'जेनोसाइड' म्हणजे वंशसंहार हा शब्द दुसऱ्याने १९४४ मध्ये घडवला. दोघांचेही आईवडील नाझींच्या हातून मारले गेले. एका शहरातल्या दोन विद्यार्थ्यांनी अख्ख्या जगाला गुन्ह्यांची नावं दिली, हे मला माहीतच नव्हतं. शाळेत आपण दुसरं महायुद्ध पाच मार्कांपुरतं शिकतो, असो.

सांगायचा मुद्दा असा की, न्यूरेंबर्गची खोट एकच होती. न्यायालय जिंकणाऱ्यांनी स्थापलं आणि जिंकणाऱ्यांकडे बघायचं नाही हे आधीच ठरलं होतं. कायमचं न्यायालय हवं ही मागणी पुढे पन्नास वर्षं चालत राहिली, त्यामागे हीच बोच होती. कोण जिंकेल हे माहीत नसताना नियम ठरवायचे आणि ते सगळ्यांना लागू करायचे.

*

१७ जुलै १९९८ ला रोममध्ये हा करार मंजूर झाला. १२० देश बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ. १ जुलै २००२ पासून न्यायालय अस्तित्वात आलं.

युक्रेनने सही केली २० जानेवारी २००० ला. सही म्हणजे 'तत्त्वतः मान्य'. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत 'पत्रिका जुळते, बाकी बघू' म्हणतात तेवढंच. खरं लग्न म्हणजे संसदेची मंजुरी. त्याआधी राष्ट्राध्यक्षांनी घटना न्यायालयाला विचारलं की, हा करार आपल्या घटनेत बसतो का?

११ जुलै २००१ ला उत्तर आलं. बऱ्याच मुद्द्यांवर करार पास झाला. स्वतःच्या नागरिकाला हेगच्या हवाली करणं चालेल? चालेल. राष्ट्राध्यक्षांना संरक्षण न मिळणं चालेल? चालेल. नापास झाला फक्त एका विषयात. करारात लिहिलंय की, हेगचं न्यायालय राष्ट्रीय न्यायालयांना 'पूरक' असेल. आणि घटनेचं कलम १२४ म्हणतं की, युक्रेनमध्ये न्यायदान फक्त युक्रेनची न्यायालयंच करतील, ते काम दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. म्हणजे तोच फेलओव्हरचा नियम! घटना लिहिणाऱ्यांनी सेकंडरी सर्व्हरची सोयच ठेवली नव्हती. आधी घटना बदला, मग या.

बरं, घटनादुरुस्ती करायला किती वेळ लागावा? मनात असेल तर वर्ष-दोन वर्षं. युक्रेनला लागली पंधरा. कारण सरळ आहे. २००१ मध्ये या कोर्टात जाऊन कुणाचा काही फायदा नव्हता. युद्ध नव्हतं. शेजाऱ्याशी गॅसच्या बिलावरून भांडणं होती, पण तोफा नव्हत्या. आरोग्य विमा आपण पंचविशीत काढतो का? नाही काढत. छातीत दुखायला लागलं की एजंटचा नंबर शोधतो.

छातीत दुखायला लागलं २०१४ मध्ये. आधी कीवच्या मैदान चौकात निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, मग रशियाने क्रिमिया घेतला, मग पूर्वेला दोनबासमध्ये युद्ध पेटलं. तेव्हा युक्रेनला करारातलं कलम १२(३) आठवलं. या कलमाने सदस्य नसलेला देशसुद्धा सांगू शकतो की, 'आमच्या हद्दीतले अमुक काळातले गुन्हे तुम्ही तपासा, आम्हाला मान्य.' एप्रिल २०१४ मध्ये पहिलं पत्र गेलं, मैदानच्या काळापुरतं, २१ नोव्हेंबर २०१३ पासूनचं. सप्टेंबर २०१५ मध्ये दुसरं गेलं, २० फेब्रुवारी २०१४ पासून पुढे बेमुदत.

म्हणजे वर्गणी न भरता वाचनालयात बसून वाचायची परवानगी. तपास होणार, पण न्यायाधीश निवडताना मत नाही. मात्र इथे एक गोष्ट जाड अक्षरात समजून घ्या, शेवटी लागणार आहे. ही परवानगी एकतर्फी नव्हती. 'फक्त रशियनांनी केलेले गुन्हे तपासा' असं सांगता येतच नाही. हद्दीत जो कुणी गुन्हा करेल, तो कोणाचाही असो, न्यायालयाच्या कक्षेत आला.

त्याच काळात युरोपीय संघाशी झालेल्या करारात युक्रेनने रोम करार मंजूर करण्याचं वचन दिलं. म्हणजे आता बांधिलकी कागदावर दोनदा झाली. २ जून २०१६ ला एकदाची घटनादुरुस्ती झाली. कलम १२४ मध्ये वाक्य आलं की, युक्रेन या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य करू शकेल. पण गंमत बघा, हे वाक्य लागू होणार ३० जून २०१९ पासून! तीन वर्षांचा बफर. आपला बिल्डर पझेशनची तारीख देतो तसा प्रकार.

तिकडे रशियाचं काय? सही रशियाचीही होती, सप्टेंबर २००० मधली. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायालयाच्या अभियोक्त्यांनी अहवालात लिहिलं की, क्रिमियातली परिस्थिती म्हणजे दोन देशांमधला सशस्त्र संघर्ष आहे. दोन दिवसांनी पुतिन यांनी सही मागे घ्यायचा आदेश काढला. रोगाचं निदान आवडलं नाही म्हणून डॉक्टर बदलला.

२०१९ उलटलं. घटनेचा अडसर संपला होता. तरी मंजुरी नाही. मे २०२१ मध्ये संसदेने, म्हणजे राडाने, युद्धगुन्ह्यांचे नियम देशाच्या कायद्यात आणणारं विधेयक मंजूर केलं, तर त्यावर राष्ट्राध्यक्षांची सहीच झाली नाही. तिकीट 'इन प्रोग्रेस'मध्ये ठेवून सगळे सुट्टीवर.

*

२४ फेब्रुवारी २०२२ नंतरचं तुम्हाला माहीत आहे. २ मार्चला हेगचे अभियोक्ता करीम खान यांनी तपास सुरू केला. ३९ सदस्य देशांनी तशी विनंती केली होती. १७ मार्च २०२३ ला पुतिन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट निघालं. व्यापलेल्या भागातली युक्रेनी मुलं बेकायदा रशियात नेल्याचा आरोप. २०२४ मध्ये वीजकेंद्रांवरच्या हल्ल्यांसाठी रशियाच्या वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांवर आणि माजी संरक्षणमंत्री शोइगू यांच्यावर वॉरंटं निघाली.

"वॉरंट काढून काय उपयोग?" हा प्रश्न माझा रूममेट विचारतोच. थोडा उपयोग झाला, थोडा नाही झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गला ब्रिक्सची परिषद होती, पुतिन गेले नाहीत, पडद्यावरून बोलले. सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाला गेले. मंगोलिया सदस्य देश. पकडून द्यायची जबाबदारी त्याची. विमानतळावर मानवंदना झाली, अटक झाली नाही. ज्या कोर्टाकडे पोलीस नाहीत त्याची ताकद सदस्यांच्या हिमतीएवढी.

आणि नेमका याच टप्प्यावर युक्रेन अडचणीत सापडला. जगाला सांगतोय, 'या कोर्टाला माना, या माणसाला पकडा', आणि स्वतः सदस्य नाही! सही करून चोवीस वर्षं झाली, तरी नाही. का? कारण आता भीती खरी झाली होती. लाखो माणसं सैन्यात होती. रशिया या कोर्टाचा वापर आपल्याच पोरांविरुद्ध करेल असं सैन्यात आणि लोकांत उघड बोललं जात होतं. आणि भीती अगदी हवेतलीही नव्हती. मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार निरीक्षकांनी युद्धकैद्यांना ठार मारल्याच्या घटना दोन्ही बाजूंच्या नोंदवल्या होत्या. दोन्ही बाजू सारख्या, असं मी म्हणत नाहीये. कोण कुणाच्या घरात घुसलं, कुणाची शहरं पडली, कुणाची मुलं नेली, हे उघड आहे. पण युद्धकैद्याचा जीव वर्दी बघून स्वस्त-महाग होत नाही. प्यातिखात्कीच्या जंगलात हेच तर पुरलंय.

२१ ऑगस्ट २०२४ ला राडाने करार मंजूर केला. २८१ मतं. २४ ऑगस्टला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, झेलेन्स्की यांनी सही केली. २५ ऑक्टोबरला कागद संयुक्त राष्ट्रांकडे जमा झाले आणि १ जानेवारी २०२५ ला युक्रेन १२५ वा सदस्य झाला.

पण मंजुरीला एक शेपूट होतं. रोम कराराचं कलम १२४. नवा सदस्य सांगू शकतो की, पहिली सात वर्षं युद्धगुन्ह्यांच्या बाबतीत आम्हाला सूट द्या. हे कलम मुळात फ्रान्सच्या आग्रहाने आलं होतं. त्याआधी वापरलं होतं फक्त दोघांनी, फ्रान्सने आणि कोलंबियाने. २०१५ मध्ये तर सदस्य देशांनी ते काढून टाकायचं ठरवलंही, पण पुरेशा देशांची मंजुरी न मिळाल्याने ते कागदावर राहिलं. युक्रेनने तेच उचललं. आपल्या नागरिकांनी केलेले युद्धगुन्हे सात वर्षं कक्षेबाहेर.

आता ते जाड अक्षरातलं आठवा. २०१४ आणि २०१५ ची पत्रं अजून आहेतच, आणि त्यांत कुणालाही सूट नाही. मग ही नवी सूट जुन्या परवानगीच्या वर चढते का? बऱ्याच कायदेतज्ज्ञांचं म्हणणं, शंका आहे. शिवाय सूट फक्त युद्धगुन्ह्यांपुरती. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार यांना ती नाही. म्हणजे ढाल लावली, पण ती किती अडवेल याची खात्री नाही, आणि लावल्याचं सगळ्या जगाला दिसलं.

माझ्या मते खरी ढाल दुसरीच आहे आणि ती करारात पहिल्यापासून फुकट आहे. फेलओव्हर. स्वतःच्या सैनिकावर आरोप आला तर स्वतः तपास करा, स्वतः खटला चालवा, हेग हातही लावणार नाही. ज्याचा प्रायमरी सर्व्हर नीट चालतो, त्याने सेकंडरीला कशाला घाबरायचं? सूट मागणं म्हणजे आपल्याच कोर्टांवर आपला पुरता भरवसा नाही, असं थोडंसं कबूल करणं.

*

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने माझ्या त्या मित्राला लिहून पाठवलं. वर विचारलं की, तुला काय वाटतं, ही सात वर्षांची सूट बरोबर आहे का? लिहिताना मी कोथरूडमध्ये पंख्याखाली बसलो होतो, हातात चहा.

दोन तासांनी उत्तर आलं, "माझ्या भावाला विचारू का? तो आत्ता खंदकात आहे."

मी गप्प. मग माफी मागितली. त्यानंतर चार-पाच दिवस आमचं फक्त कामापुरतं बोलणं झालं. मग एका रात्री त्याचा मोठा मेसेज आला. सगळा इथे टाकत नाही. सारांश असा: पहिल्या दिवशी मला तुझा राग आला, कारण प्रश्न घरात बसून विचारलेला होता. पण माझी आजी खारकीवची. शहराबाहेरच्या त्या जंगलाबद्दल ती घरात कुजबुजत बोलायची, कारण मोठ्याने बोलायची सोय नव्हती. आपल्याच सरकारने केलेलं मोठ्याने बोलता यावं, असा देश मला हवा आहे. माझ्या भावाने काही वाईट करू नये एवढंच मी रोज मागतो. केलं, तर कुणीतरी विचारावं. पण विचारणाऱ्याने आधी आमच्यावर पडणारे बॉम्ब मोजलेले असावेत.

याच्यापुढे मी काय लिहिणार?

एक मात्र कबूल करायला हवं. हे सगळं लिहिणारा मी ज्या देशाचा, तो या कोर्टाचा सदस्य नाही. रोमला १९९८ मध्ये भारत तटस्थ राहिला, सहीसुद्धा केली नाही. आपली कारणं होती, आणि सगळी काही पोकळ नव्हती. सुरक्षा परिषदेला प्रकरणं कोर्टाकडे पाठवायचा आणि थांबवायचाही अधिकार दिला, म्हणजे जे बडे देश स्वतः सदस्य होणार नाहीत तेच इतरांना पिंजऱ्यात उभं करणार, हा आक्षेप मला आजही पटतो. अण्वस्त्रांचा वापर बंदीच्या यादीत नाही, दहशतवाद नाही, हेही म्हणणं होतं. पण आणखी एक आक्षेप होता, देशाच्या आतल्या सशस्त्र संघर्षांना या कोर्टाच्या कक्षेत आणू नका. म्हणजे आपल्या घरात बघू नका. हा आक्षेप ऐकला की मला कलम १२४ आठवतं. दोन्ही.

तेव्हा युक्रेनला नावं ठेवायच्या आधी एवढं लक्षात ठेवू या की, भर युद्धात, माणसं रोज मरत असताना, अर्धवट का होईना, त्यांनी दार उघडलं. आपण शांततेतही उघडलेलं नाही. पण अर्धवट उघडलेल्या दाराला अर्धवटच म्हणायचं. शत्रूला कोर्टात खेचायला न्यायालय हवं असं सगळ्यांनाच वाटतं, १९४३ मध्ये खारकीवमध्ये स्टालिनलाही वाटलं होतं. आपल्या माणसाचं नाव पुकारलं जाईल तेव्हा कोर्ट नको वाटतं, आणि तिथेच कळतं की सही कशावर केली होती.

ती सात वर्षं २०३१ च्या अखेरीस संपतील. तेव्हा मी पस्तिशीत असेन, आणि तो बहुधा अजूनही माझे बग शोधत असेल. १ जानेवारी २०३२ ला त्याला मेसेज करायचं मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलंय. या वेळी प्रश्न नीट विचारीन. आधी त्याच्या भावाची चौकशी करून.